पालखी ज्या दारात थांबते

फाल्गुन शुद्ध पंचमी उजाडली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांत शिमग्याची लगबग सुरू होते. ग्रामदेवतेची रूपं पेटीतून बाहेर काढून उजळली जातात, पालखी सजते, वर्षभर खुंटीला टांगलेले ढोल उतरवून त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात. काही गावांचा शिमगा तेरशीला होतो, त्याला तेरसे शिमगे म्हणतात. काहींचा पौर्णिमेला, तो भद्रेचा. आंब्याचं, सुरमाडाचं किंवा पोफळीचं उंच झाड तोडून सगळा गाव खांद्यावरून आणतो आणि होळीच्या मांडावर उभं करतो. होम लागतो, पालखी सहाणेवर येऊन बसते. मग तिचा खरा प्रवास सुरू होतो. ती वाडीवाडीत, घराघरात जाते. मोठ्या गावात हे फिरणं दिवसेंदिवस चालतं, कुठे कुठे पार गुढीपाडव्यापर्यंत. अंगण सारवलेलं असतं, रांगोळी असते. घरातली बाई ओटी भरते, मानकरी त्या घराच्या नावानं गाऱ्हाणं घालतो, भोवतीची माणसं प्रत्येक मागणीला 'होय महाराजा' म्हणतात आणि पालखी पुढच्या दाराकडे वळते. एखाद्या दाराला कुलूप असेल तर ते सगळ्यांच्या लक्षात येतं. भावकीतलं कुणी तरी नारळ घेऊन त्या अंगणात उभं राहतं, नाही तर मुंबईहून आधीच निरोप आलेला असतो की आम्ही अमुक दिवशी पोचतोय, आमच्या वाडीत पालखी तेव्हा आणा.

गावाच्या संस्कृतीबद्दल लिहिताना आपण बहुधा दिसणाऱ्या गोष्टी मोजतो. संकासुराचा काळा वेष, नमन-खेळे, जाखडीचे फेर, दशावतारातला संकासूर, घावन आणि पातोळ्या. हे सगळं मोलाचं आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी. पण माझ्या मते या दिसणाऱ्या गोष्टींच्या खाली एक व्यवस्था आहे आणि कोकणातल्या गावाचं गावपण तिच्यावर टिकलेलं आहे. 'या गावाचा कोण?' या प्रश्नाचं उत्तर ही व्यवस्था दर वर्षी नव्यानं देते. ते देताना ती गैरहजर माणसाला हजर धरते. दीडशे वर्षं माणसं बाहेर जात राहिली तरी कोकणातली गावं गावं म्हणून उरली, याचं कारण मला इथे दिसतं. आणि ही व्यवस्था कुणाला हजर धरत आली आणि कुणाला नाही, यावरच आता तिचं पुढचं आयुष्य ठरेल.

आधी बाहेर जाण्याचा आकार लक्षात घेऊ. मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्यासाठी कंपनी स्थापन झाली ती १८५४ साली. तेव्हापासून गिरण्या, गोदी, रेल्वे, पोलीस आणि घरकाम यांना माणसं पुरवण्याचं काम कोकणानं केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा होता. त्या काळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो वेगळा झाला १९८१ साली. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. डोंगरउताराची वरकस जमीन, चार महिन्यांच्या पावसावरची एकच भातशेती, खोतीचा भार आणि बंदरातून सुटणारी मुंबईची बोट. हा ओघ अजून थांबलेला नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत मात्र ११२२. कमावत्या वयाचा पुरुष गावात नाही, हे या आकड्यांतून दिसतं. कुठल्याही समाजशास्त्राच्या हिशेबानं अशी गावं केवळ पत्त्यापुरती उरायला हवी होती.

तसं झालं नाही, कारण गाव माणसाबरोबर मुंबईत गेलं. गिरणगावात एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याची खोली घ्यायची, पाळीपाळीनं तिथे झोपायचं, खानावळीत जेवायचं, आणि ती खोली गावाच्या नावानं ओळखली जायची. नवीन पोरगा बोटीतून उतरला की त्याला त्या खोलीचा पत्ता पुरे असायचा. काम लावून देणारा, आजारात पाहणारा आणि मेल्यावर खांदा देणारा तोच गाव. या खोल्यांतून ग्रामस्थ मंडळं उभी राहिली. त्यांच्या वह्यांत घरटी वर्गणी, देवळाचा निधी, शाळेच्या खोलीचा निधी, पाखाडीचा आणि विहिरीचा निधी असे हिशेब असायचे. गावातली कमिटी आणि मुंबईची कमिटी अशी जोडी आजही बहुतेक गावांत आहे, आणि महत्त्वाचा निर्णय दोघींच्या संमतीशिवाय होत नाही. कलाही या वाटेनं गेली. जाखडीतल्या शक्तीवाल्यांचे आणि तुरेवाल्यांचे सवाल-जवाब परळच्या दामोदर नाट्यगृहात रंगले, नमनाचे तिकीट लावून प्रयोग झाले आणि त्या उत्पन्नातून गावात काही बांधलं गेलं. शहरात गेलेली लोककला मेली, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातली चूल डळमळली, तेव्हा कोकणातले असंख्य कामगार गावी परतले. तिथे त्यांचं घर होतं, भाताचा तुकडा होता आणि भावकीत नाव होतं. उत्पन्न तुटलं तरी ओळख तुटली नव्हती.

नाव टिकतं ते आपोआप टिकत नाही. त्यासाठी ते दर वर्षी कुणी तरी सर्वांसमोर उच्चारावं लागतं, आणि शिमग्यात नेमकं हेच होतं. पालखी कुठल्या वाडीत आधी जाणार, होळीचा पहिला नारळ कुणाचा, पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, गाऱ्हाणं कोण घालणार, याची ठरलेली उतरंड असते, तिला मान म्हणतात. मान म्हणजे केवळ सन्मान, हा अर्थ अपुरा आहे. मानाबरोबर काम येतं: झाड आणायचं, मशाल धरायची, मांड सारवायचा, रात्रभर जागायचं. ज्याचा मान त्याची जबाबदारी, आणि ती चुकली तर गावासमोर जाब. गाऱ्हाण्यात घराच्या नावानं मागणं मागितलं जातं तेव्हा परदेशात, परमुलखात असलेल्या लेकरांची राखण कर, असंही देवाला सांगितलं जातं. म्हणजे जो अंगणात नाही त्याची गणती अंगणातच होते. शिमग्यात वादही याच गोष्टींवरून होतात. काही गावांत सणाआधी पोलीस ठाण्यात आणि तहसीलदारांसमोर बैठका घ्याव्या लागतात, मनाई आदेश निघतात, पालखी सहाणेवरच राहते. या भांडणांकडे मी मागासपणाची खूण म्हणून पाहत नाही. ज्या यादीत नाव असण्याला काही किंमत नाही, त्या यादीवरून कुणी भांडत नाही.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण हा याच गोष्टीचा आणखी स्पष्ट पुरावा आहे. साधारण चार वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल घेऊन, अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर. घरं ओस पडतात, वेशीपलीकडे माळावर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. तिथे चूल पेटते, भजनं होतात, फुगड्या होतात. मुदत संपली की पुन्हा कौल घेतला जातो आणि मगच गाव परततं. या प्रथेमागची समजूत भुताखेतांची आहे, कुणी तिला साथीच्या रोगांच्या आठवणीशी जोडतं. उगम काहीही असो, तिचा अर्थ मला असा लागतो: गाव म्हणजे घरांचा आणि जमिनीचा तुकडा नव्हे, ते उचलून वेशीबाहेर नेता येतं आणि परत आणून ठेवता येतं. चार वर्षांनी एकदा ते माळावर जातं. गिरणगावातल्या खोलीत ते शंभर वर्षं नेलं गेलं.

कोकणाची ही रीत एकटी नाही. शेजारच्या गोव्यात गावकरी होती, पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत तिचे नियम लिहून काढले आणि पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं गेलं. गावची जमीन सामाईक, ती पावणीला लावायची, बांध आणि देऊळ यांचा खर्च भागवायचा आणि उरलेल्या उत्पन्नातला वाटा गावकरांना जोण म्हणून द्यायचा. हा वाटा वंशाला होता. गोव्याबाहेर पोटासाठी गेलेल्या गावकराचा हक्कही नोंदीत राहिला. पण या नोंदीत मूळ घराण्यांचे पुरुष वंशज तेवढे होते. शेत कसणारा कुळवाडी, गावची कामं करणारा मजूर आणि घरातली मुलगी त्यात नव्हती. गोव्याचं उदाहरण म्हणूनच उपयोगी आहे. आपल्याकडे जे पालखीच्या वाटेत आणि नारळाच्या क्रमात दडलेलं असतं, ते तिथे कागदावर आलं, आणि कागदावर आल्यामुळे त्यातलं बळ आणि त्यातला अन्याय दोन्ही वाचता येतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे आता गतकाळाचे गोडवे आहेत. चाकरमानी चार दिवस येतो, नाचतो, फोटो काढतो, फणसाचे गरे बांधून घेतो आणि निघून जातो. अशानं गाव टिकतं असं म्हणणं ही फसवणूक आहे. या आक्षेपात तथ्य आहे. गावची शेती ओस पडते आहे, वणवे विझवायला वाडीत तरुण नाहीत, आणि चार दिवसांच्या गर्दीनं उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांचं एकाकीपण भरून निघत नाही. तरीही माणसं या चार दिवसांसाठी काय सोसतात ते पाहा. गणपतीला एसटीच्या चार-पाच हजार जादा गाड्या कोकणात सुटतात, आरक्षण सुरू होताच कोकण रेल्वेच्या गाड्या भरतात, मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळलेलं असूनही माणसं खड्ड्यांतून रात्र काढत घर गाठतात. हौशीच्या प्रवासाला कुणी इतका त्रास काढत नाही. २०२० साली तर या नात्याची कसोटीच लागली. साथीच्या भीतीनं गावांनी वेशी बंद केल्या, गणपतीला येणाऱ्यांनी किती दिवस विलगीकरणात राहायचं यावरून मुंबईकर आणि गावकरी यांच्यात कडाक्याचे वाद झाले, आणि दहा दिवस शाळेत किंवा घरात कोंडून घेऊन माणसं आपल्या घरच्या गणपतीपुढे बसली. त्या वादात दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोलत होत्या: माझं गाव. गाव तुझं आहे की नाही, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. फक्त कधी आणि कसं यायचं, यावर भांडण होतं.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे आणि त्याला घाईनं उत्तर देणं मला अप्रामाणिक वाटतं. गावकी ज्यांना हजर धरते त्यांच्यासाठी ती आधार असेल, पण ज्याला खालच्या पायरीवर उभं केलं त्या माणसासाठी ती साखळी होती. कोकणातल्या महारांना गावकीत जागा होती. ती मेलेली गुरं ओढण्याची, वेसकरीची, वाजंत्रीची आणि होळीच्या मांडापासून ठरावीक अंतरावर उभं राहण्याची. कुणबी कुळाला जागा होती. ती खोताच्या दारात वेठ करण्याची. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं. त्याआधी महाडला चवदार तळ्यावर १९२७ साली जे झालं, त्यानं गावरहाटीच्या मुळालाच हात घातला होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या बौद्धांनी गावकीची कामं नाकारली. ज्यांच्या दृष्टीनं यादीतून नाव काढून घेणं हीच मुक्ती होती, त्यांना यादीचं माहात्म्य सांगणं म्हणजे त्यांच्या जखमेवर बोट ठेवणं आहे. आणि हे सगळं जुनं म्हणून सोडूनही देता येत नाही. वाळीत टाकण्याची प्रकरणं, त्यातही रायगड जिल्ह्यातली, इतकी पुढे आली की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१६ चा, अमलात आला २०१७ मध्ये. नाव घालण्याची सत्ता असली की नाव काढण्याची सत्ताही येतेच.

हे सगळं मान्य करूनही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि त्याला आधार ज्यांनी गावकी नाकारली त्यांच्याच वागण्यात सापडतो. कोकणातल्या बौद्धवाड्यांनी गावकीचं ओझं फेकलं, पण गाव सोडलं नाही. मुंबईत बौद्धजन पंचायत समितीच्या गावोगावच्या शाखा उभ्या राहिल्या, त्यांनी वर्गणी काढली, वाडीत विहार बांधले, आणि १४ एप्रिलला मुंबईकर गावी येऊ लागला. रचना तीच: घरटी वर्गणी, दोन कमिट्या, वर्षातून एकदा सर्वांसमोर घेतलं जाणारं नाव. बदलली ती यादी लिहिणाऱ्याची जागा. यावरून मला वाटतं की गैरहजर माणसाला हजर धरण्याची ही रीत मानपानाच्या उतरंडीची बटीक नाही; उतरंड काढूनही ती उभी राहते, आणि अधिक सन्मानानं उभी राहते. एकाच गावात आज दोन याद्या आहेत. पालखी बौद्धवाडीच्या कडेनं वळून जाते, आणि जयंतीची मिरवणूक सहाणेपर्यंत यावी की नाही यावर बैठका होतात. गावरहाटीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकानं या दोन याद्यांसमोर उभं राहून बोलावं.

पैशाचा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. मुंबईच्या पैशानं गावाचं भलं झालं तसं नुकसानही झालं, आणि त्याची सर्वांत ठळक जागा म्हणजे देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या आणि देवाच्या नावानं राखलेल्या या रानांत किती दुर्मीळ झाडं आणि वेली टिकून आहेत ते अभ्यासकांसमोर आणलं. देवराईतली काटकीही घरी न्यायची नाही, हा नियम कुठल्याही वन खात्याशिवाय शतकानुशतकं पाळला गेला. पुढे जीर्णोद्धाराची लाट आली. जांभ्या चिऱ्यांची, लाकडी खांबांची, कौलारू देवळं पाडून त्या जागी काँक्रीटचे कळस आणि गुळगुळीत लाद्या आल्या. कित्येक ठिकाणी खर्चासाठी किंवा सभामंडपाच्या जागेसाठी देवराईतलीच झाडं गेली. देवाला कौल लावून झाडं तोडली, असं सांगितलं जातं. हा दोष मी परंपरेच्या माथी मारणार नाही, पण तिच्या आजच्या चालकांच्या माथी नक्की मारतो. गैरहजर माणसाच्या हातात पैसा आणि निर्णय असतो, परिणाम मात्र हजर माणसाला भोगावा लागतो. राईतला झरा आटला तर हंडा घेऊन लांब चालत जाते ती गावातली बाई. तिला बैठकीत बोलावलेलं नसतं.

आणि इथे आकड्यांकडे परत यावं लागतं. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असलेल्या जिल्ह्यातलं गाव कोण चालवतं, हे सांगायला अभ्यासक नको. मनीऑर्डरच्या काळापासून शेत लावणं, कूळ सांभाळणं, म्हातारी माणसं पाहणं, घराचं कौल फुटलं तर शाकारून घेणं हे सगळं बाईनं केलं. पालखी दारात येते तेव्हा अंगण तिनं सारवलेलं असतं, ओटी तिच्या हातात असते, नवस तिनं बोललेला असतो. तरीही मानाच्या यादीत ती नाही. दांडा पुरुषांच्या खांद्यावर, बैठक पुरुषांची, वर्गणीची पावती पुरुषाच्या नावावर. परंपरेत हे बदलता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत काय काय बदललं ते आठवावं: खोताचा नारळ गेला, वेठ गेली, बोट जाऊन १९९८ मध्ये रेल्वे आली, आणि अलीकडे काही गावांत बायकांनीही पालखी नाचवली. देवानं कुठे हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

मुलींचा प्रश्न याहून पुढचा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, आणि आता कित्येक सातबारांवर लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं चढली आहेत. घरात मुलगे नाहीत, किंवा आहेत ते परदेशी स्थायिक झाले आहेत, म्हणून घराची किल्ली लेकीकडे आहे, अशी घरं गावोगाव वाढत आहेत. तीच शिमग्याला येते, कुलूप काढते, जळमटं झाडते, अंगण सारवते. पालखी येते. मानकरी गाऱ्हाणं घालायला हात जोडतो आणि घराचं नाव घेण्यापूर्वी क्षणभर थांबतो. तिच्या वडिलांचं नाव घ्यावं, सासरचं आडनाव सांगावं की तिचं स्वतःचं. काही ठिकाणी मेलेल्या बापाच्या नावानं पावती फाडतात, काही ठिकाणी चुलत्याच्या. खांद्यावर दांडा घेतलेली माणसं वाट पाहत उभी असतात, ढोल थांबलेला असतो, आणि ओटीचं ताट हातात घेऊन ती अंगणात उभी असते.